कूपर ब्लॅक : ठसठशीत अक्षर कोणाचे?

मुद्रणाच्या इतिहासात आपण ग्रंथकारांची, प्रकाशकांची आणि फार झाले तर मुद्रकांची नावे घेतो. ज्या अक्षरवळणातून मजकूर आपल्यापुढे येतो, ते वळण घडवणारा मात्र बहुधा अनामिकच राहतो. या संदर्भात ‘कूपर ब्लॅक’ या रोमन वळणाची कथा आम्हांस उद्बोधक वाटते. संगणकावरील फाँटच्या यादीत हे नाव अनेकांनी पाहिले असेल. परंतु कूपर नावाचा एक माणूस होता, हे जाणणारे थोडेच.

ऑस्वाल्ड ब्रूस कूपर यांचा जन्म १८७९ मधला, ओहायो राज्यातला. बालपण कॅन्ससमध्ये गेले. चित्रकथनाचे शिक्षण घेण्यासाठी ते शिकागोला फ्रँक होम यांच्या विद्यालयात आले आणि तेथे फ्रेडरिक गाउडी या शिक्षकांच्या सहवासात अक्षरलेखनाकडे वळले. १९०४ मध्ये त्यांनी फ्रेड बर्ट्श यांच्यासह ‘बर्ट्श अँड कूपर’ ही संस्था काढली. जाहिरातींसाठी हाताने अक्षरे रेखाटून देणे हे तिचे एक मुख्य काम. बड्या कंपन्यांना असा कलावंत परवडत असे. लहान गावातल्या छापखान्याला मात्र केसांमधल्या तयार खिळ्यांवरच भागवावे लागे. हाताच्या रेखाटनातला जिवंतपणा खिळ्यांत उतरवला तर त्याला मोठे गिऱ्हाईक आहे, हे ओतशाळांनी ओळखले. कूपर यांनी पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातींसाठी रेखाटलेल्या अक्षरांवरून ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’ने १९१३ मध्ये एक टंक काढला. त्याचे नाव ठेवले ‘पॅकार्ड’. मोटारीचे नाव राहिले, रेखाटणाऱ्याचे नाही.

पुढे शिकागोच्याच ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ या ओतशाळेने कूपर यांच्याकडून रीतसर वळणे करवून घेतली. १९१९ मध्ये ‘कूपर ओल्ड स्टाइल’ आले आणि १९२२ मध्ये त्याचा धष्टपुष्ट भाऊ ‘कूपर ब्लॅक’. या वळणाला सेरिफ आहेत, म्हणजे रेषांच्या टोकांना आडवी पाती आहेत. परंतु ती इतकी गोलावलेली आहेत की अक्षर फुगवल्यासारखे दिसते. अक्षरांचे तळ सपाट नाहीत, ‘ओ’च्या आतली पोकळी मागे कललेली आहे, आणि धारदार कोपरा शोधूनही सापडत नाही. यात सौंदर्याइतकाच व्यवहारही आहे. शाई किंचित पसरली, कागद हलका असला किंवा अक्षर ओळीतून जरासे सरकले, तरी डोळ्याला ते खटकत नाही.

म्हणूनच छापखान्यांनी ते उचलून धरले. पुस्तकी अभिरुचीच्या मुद्रकांनी नाके मुरडली. हा टंक दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना दूरचे दिसत नाही, अशा अर्थाची कोटी स्वतः कूपर यांनीच केली होती. यश दिसताच अनुकरणे निघाली. १९२४ मध्ये शिकागोच्याच लडलो कंपनीने ‘लडलो ब्लॅक’ आणले. १९२५ मध्ये लॅन्स्टन मोनोटाइपसाठी ‘गाउडी हेवीफेस’ तयार झाले, तेही कूपर ब्लॅकशी स्पर्धा करण्यासाठीच. ज्या गाउडींनी कूपर यांना शिकवले, त्यांनाच शिष्याच्या अक्षराला उत्तर द्यावे लागले, हा काव्यगत न्याय म्हणावा की बाजाराची निष्ठुरता?

१९३३ मध्ये ती ओतशाळा बंद पडली. १९४० मध्ये कूपर वारले. अक्षर मात्र थांबले नाही. १९६० च्या दशकात फोटोटाइपसेटिंग आणि कागदावर घासून उमटवायची लेट्रासेटची अक्षरे आली, तेव्हा या वळणाला दुसरे आयुष्य लाभले. १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या बीच बॉइजच्या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन, १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘डॅड्स आर्मी’ या ब्रिटिश मालिकेची शीर्षके, १९७० च्या दशकातले टी-शर्ट आणि १९९५ मध्ये निघालेल्या ईझीजेटच्या विमानांवरील नाव, ही सारी त्याची घरे. मूळ जाहिरातीतला आग्रही सूर येथे कधी लडिवाळ झाला, कधी गतकाळाची आठवण देणारा. आकार तोच, अर्थ मात्र वापरणाऱ्यांनी घातला.

मग हे अक्षर कोणाचे? अमेरिकेतल्या न्यायालयाने १९७८ मध्ये ‘एल्ट्रा’ खटल्यात टंकाच्या आकाराला कॉपीराइट नाकारला. आजही तेथे फाँटच्या संगणकीय आज्ञावलीला कॉपीराइट मिळू शकतो, अक्षराच्या आकाराला नाही. यामागचा विचार आम्हांस अगदीच अमान्य नाही. अक्षरे ही सर्वांची भाषिक संपत्ती आहे, आणि अशी मोकळीक नसती तर कूपर ब्लॅक इतके दूर पोहोचलेही नसते. परंतु ‘क’ हे अक्षर सर्वांचे असले, तरी त्याला विशिष्ट डौल देणारा हात एकाचाच असतो. कायदा त्या हाताचा मोबदला ठरवू शकला नाही, तर निदान वाचकाने त्याची ओळख तरी ठेवावी. कवितेखाली कवीचे नाव आपण आग्रहाने छापतो. त्या कवितेला दृश्यरूप देणाऱ्याचे नाव छापायला पुस्तकात एका ओळीचीच जागा लागते. ती ओळ आपल्या पुस्तकांत असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.