लिव्हिंगस्टन हॉलमधील सोबती

डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांत नवल भथेना हे नाव बहुधा पैशांच्या संदर्भात येते. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची शिल्लक आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला भथेना या पारशी मित्राकडून त्यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, एवढे सांगून चरित्रकार पुढे जातो. त्यात त्याचा दोष नाही. चवदार तळ्यापासून घटनासमितीपर्यंतचा विस्तीर्ण पट त्याला उलगडायचा असतो. परंतु या नावापाशी थोडे थांबले, तर आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेची एक दुर्लक्षित बाजू दृष्टीस पडते, असे आम्हांला वाटते.

साताऱ्याच्या शाळेत छोटा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तरी शिपाई हजर असेल तरच पाणी मिळे. शिपाई नाही तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात हा मुलगा फळ्याकडे निघाला, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे उचलायला वर्गातील मुले धावली. हे प्रसंग अनेकदा सांगितले जातात आणि अन्यायाची उदाहरणे म्हणून ते योग्यही आहे. पण ते एकाकीपणाचेही प्रसंग आहेत, हे आपण विसरतो. या मुलाला जिव्हाळा लावणारी माणसे भेटली नाहीत असे नव्हे. साताऱ्यात आपल्या डब्यातील भाजीभाकरी देणारे आंबेडकर आडनावाचे गुरुजी होते. मुंबईत स्वतःचे बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवणारे आणि पुढे सयाजीरावांकडे शब्द टाकणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर होते. मात्र ही माया वयाने आणि अधिकाराने मोठ्या माणसांची होती. ती वरून खाली येते. मैत्रीला बरोबरीची पातळी लागते, आणि तीच त्या वर्गखोल्यांत नव्हती.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी जुलै महिन्यात, बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांचे मन रमले नाही. तिथले अन्न त्यांना मानवले नाही. काही दिवसांतच ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, आणि अखेर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेनांच्या सोबतीने स्थिरावले.

चरित्रात हे सारे दोन-तीन ओळींत संपते. खरे तर या ओळी सावकाश वाचायला हव्यात. एका छपराखाली राहायचे, येता-जाता एकमेकांच्या दारात डोकावायचे, यात इतर विद्यार्थ्यांना नवलाचे काही नव्हते. ज्याच्या स्पर्शाने शाळेतले मडके बाटत असे, त्याच्यासाठी मात्र हा रोजचा शेजार म्हणजेच एक शिक्षण असणार. वर्गात आंबेडकरांविषयी बोलताना आपण ड्यूईंचे, सेलिग्मनांचे नाव घेतो, पदव्या मोजतो. शेजारच्या सोबत्याचे नाव कोणी विचारत नाही. स्वतः आंबेडकरांनी मात्र १९३० साली, आयुष्यातील आपले उत्तम मित्र कोण हे सांगताना, या थोर प्राध्यापकांच्या बरोबरीने कोलंबियातील सहाध्यायांचाही उल्लेख केला आहे.

या मैत्रीचे मोल कळते ते बडोद्यात. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकर परतले आणि करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्या मुक्कामाचे जे वर्णन आहे, त्याइतका एकटेपणा त्यांच्या इतर लेखनात क्वचितच आढळतो. वरच्या मजल्यावर मोडक्यातोडक्या सामानाच्या सान्निध्यात एकटाच माणूस, अंधार, वटवाघळे आणि सोबतीला पुस्तक. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि धर्मशाळा सोडावी लागली. शहरातील परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. एका सार्वजनिक बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस पारशालाही अस्पृश्यच असतो, हे आपल्याला त्या दिवशी उमगले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

लिव्हिंगस्टन हॉलमधला सोबती पारशी होता, आणि धर्मशाळेच्या दारात काठ्या घेऊन उभे राहिलेलेही पारशीच. तेव्हा पारशी समाज उदार की अनुदार, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. दोन माणसे जिथे भेटतात त्या जागेचे नियम काय आहेत, हा खरा प्रश्न आहे. १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंबेडकर आदर्श समाजाची कल्पना मांडतात, ती परस्परसंपर्काच्या अनेक खुल्या वाटा असलेल्या समाजाची. हा विचार ड्यूईंच्या ग्रंथांतून आला, असे अभ्यासक दाखवून देतात, आणि ते खरेच आहे. पण त्यातली एक वाट त्यांनी वसतिगृहाच्या जिन्यावरून रोज चालून पाहिली होती, हे ध्यानात घेतले तर त्या परिच्छेदांना वेगळे वजन येते. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. तरी स्वातंत्र्य आणि समता यांच्या शेजारी बंधुता ठेवण्याचा, आणि अखेरच्या ग्रंथात मैत्रीला करुणेच्याही वर नेण्याचा त्यांचा आग्रह निव्वळ ग्रंथवाचनातून आला असे म्हणवत नाही.

कोलंबियात जुळलेले बहुतेक स्नेह अंतर पडले की विरतात, तसे हेही विरू शकले असते. बडोद्यानंतर तर त्याला सबळ कारणही होते. पण १९२० मधले कर्ज त्यानंतरचे आहे. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईत वकिलीच्या सनदेसाठी हाती पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच मदतीला आले. अशी मदत मागायलाही बरोबरीचे नाते लागते.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये मात्र भथेनांचे नाव नाही. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या वाचकाला समजावून देण्यासाठी लिहिलेली ती साक्ष आहे. तिच्यात धर्मशाळेच्या रखवालदाराला जागा आहे, दार बंद करणाऱ्या परिचितांना आहे, मित्राला नाही.