स्टेपनी ते संवेदक : चाकातील हवेवरचा पहारा

मुंबई-अहमदाबाद महामार्ग मीरा-भाईंदरच्या हद्दीतून जातो. काशिमीऱ्याहून घोडबंदर गावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला पंक्चर काढणारे आणि टायरवाले दिसतात. पुढच्या व मागच्या टायरांची झीज सारखी नसते, म्हणून काही हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करतात. अलीकडच्या मोटारींत हे काम आटोपल्यावर कधीकधी चालकासमोर एक पिवळा दिवा लागतो : घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्यात उद्गारचिन्ह. चाकांत हवा तर भरलेली आहे, मग दिवा का लागला? आणि बटण दाबून तो विझवला की काम झाले का? यासाठी थोडे मागे जाऊ.

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली ब्रिटनमध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असा टायर पुन्हा बनवला. धक्के कमी झाले, पण त्याबरोबर पंक्चरही आले. सुरुवातीच्या मोटारींत जादा चाक नसे. १९०४ मध्ये वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून अडकवण्याचे जादा चाक तयार केले. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते. आपल्याकडे आजही जादा चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतात ते यावरून.

पंक्चर झाल्यावर स्टेपनी उपयोगी पडते. हळूहळू कमी होणाऱ्या हवेची मात्र ती खबर देत नाही. दाब कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, अधिक वाकतो व तापतो. वेग आणि ओझे जास्त असेल तर तो फुटू शकतो. १९८६ च्या पोर्शे ९५९ या महागड्या मोटारीत हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आली. पण ती सर्वांसाठी आवश्यक ठरली ती एका दुर्घटनामालिकेनंतर. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला लाखो टायर परत मागवावे लागले. त्या टायरांशी संबंधित अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे दगावली होती. त्याच वर्षी तेथे दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करणारा कायदा झाला.

यंत्रणा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात एक संवेदक असतो. तो दाब मोजून रेडिओलहरींनी कळवतो. प्रत्येक संवेदकाला स्वतःचा क्रमांक असतो. चाके बदलली की संवेदकही जागा बदलतो, पण गाडीच्या स्मृतीत जुनीच जागा राहते. मग मागच्या चाकातील उणीव पुढच्या चाकात दिसू शकते. काही गाड्या नवी जागा चालता चालता ओळखतात, तर काहींना ती उपकरणाने शिकवावी लागते.

दुसऱ्या प्रकारात दाब मोजलाच जात नाही! हवा कमी झालेल्या चाकाची परिणामी त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे तेवढ्याच अंतरात ते अधिक फेरे घेते. ब्रेकच्या यंत्रणेसाठी मोजले जाणारे फेरे ताडून गाडी निष्कर्ष काढते. पण चारही चाकांतील हवा सारखीच कमी झाली तर? त्या काळच्या अशा यंत्रणांना ते कळत नसे. एकाच चाकातील उणीव ओळखली तरी चालेल, ही सवलत अमेरिकी न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली. २००५ च्या नव्या नियमानुसार चारांपैकी कोणत्याही एका किंवा सर्व चाकांतील दाब शिफारशीपेक्षा पाव भागाने घटला की सूचना मिळालीच पाहिजे.

चाके बदलल्यावर या दुसऱ्या प्रकारात बटण दाबायचे, म्हणजे ‘आत्ताची स्थिती योग्य समज’ असे गाडीला सांगायचे. ती स्थिती खरोखर योग्य आहे का, हे गाडी तपासत नाही.

वर्गात हे गणिताने दाखवता येईल. सकाळी थंड टायर २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिनवर आहे आणि मापक ३३ पीएसआय दाखवतो. त्यात वातावरणाचा सुमारे १५ पीएसआय दाब मिळवला की एकूण दाब ४८. गाडी धावून टायर ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्व्हिनवर गेला. आकारमान तेच धरले तर दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो : ४८ चे ५२.८ होतात, आणि मापक सुमारे ३८ दाखवतो. आता उलट विचार करू. तापलेल्या टायरात ३३ पर्यंतच हवा ठेवली तर थंड झाल्यावर ती २९ च्याही खाली जाईल. त्याच वेळी बटण दाबले, तर ही उणीवच गाडीच्या दृष्टीने योग्य दाब ठरेल. तेथून आणखी पाव भाग दाब घटेपर्यंत दिवा लागणार नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा : टायर थंड असताना मापकाने दाब पाहावा, गाडीच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी, आणि मगच बटण दाबावे.

भारतात २०२० च्या नियमबदलाने साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना, ट्यूबलेस टायर, दाबसूचक यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास, स्टेपनीतून सूट मिळाली. स्टेपनीचे काम काही प्रमाणात संवेदकाकडे आले आहे. पण कोणतेही उपकरण ज्या शून्यापासून मोजते, तो शून्य माणूसच ठरवतो. तो चुकला, तर उपकरण चूकच प्रामाणिकपणे जपत राहते. प्रयोगशाळेतील तराजूबद्दल आपण विद्यार्थ्यांना हेच सांगतो. ते चाकालाही लागू आहे.