हाराची पेटी

दहावीला इंग्रजीच्या बाईंनी ‘द नेकलेस’ ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा शेवटच्या ओळीला सगळा वर्ग चुकचुकला होता, आठवत असेल. बाईंनी फळ्यावर ‘आयरनी’ लिहून पुढे ‘दैवदुर्विलास’ असा अर्थ दिला. परीक्षेत आपण सर्वांनी ‘दिखाऊपणाचे फळ’ असे उत्तर लिहून गुण मिळवले. निवृत्तीनंतर ती गोष्ट पुन्हा वाचली आणि वाटले, त्या उत्तरात काहीतरी राहून गेले.

गी द मोपासाँची ही कथा १७ फेब्रुवारी १८८४ रोजी पॅरिसच्या ‘ल गोलवा’ या दैनिकात आली. मोपासाँ स्वतः काही वर्षे आधी नौदल खात्यात आणि मग शिक्षण खात्यात कारकून होता. कथेतला नवराही शिक्षण खात्यातलाच. म्हणून हिशेब इतका चोख. माटिल्डच्या पोशाखाला ४०० फ्रँक, तेही नवऱ्याने बंदुकीसाठी बाजूला ठेवलेले. मैत्रिणीचा उसना हार हरवल्यावर भरपाईचा हिऱ्यांचा हार ३६,००० चा. वडिलार्जित १८,०००, बाकी कर्ज. ते फेडायला दहा वर्षे भांडी, धुणी, जिन्यावरून पाणी वाहणे. मूळ हार खोटा, फार तर ५०० चा!

पण हे शेवटी कळते म्हणून आधी खुणा नव्हत्या असे नाही. पेटीवर ज्या जवाहिऱ्याचे नाव असते तो सांगतो, हार माझ्याकडचा नव्हे, मी फक्त पेटी दिली. नवराबायको ते ऐकतात आणि दुसऱ्या दुकानात जातात. मैत्रिणीला तर आधीच कळवलेले असते की हाराचा फासा तुटला, दुरुस्तीला दिलाय. हरवला म्हणायची लाज! नवा हार घेताना मैत्रीण तुटकपणे उशिराबद्दल बोलते, पण पेटी उघडतच नाही. उघडेल याचीच माटिल्डला धास्ती होती. उघडली असती तर कदाचित तिथेच सगळा उलगडा होऊन दहा वर्षे वाचली असती. मला तरी खरी आयरनी इथे दिसते. त्यात दैव कुठले आले?

मागच्या बाकावरून तेव्हा कोणीतरी विचारले होते, “मग तो खरा हार परत मिळाला का?” वर्ग हसला, तेवढ्यात घंटा झाली. मोपासाँनेही गोष्ट त्याच्या आधीच थांबवली आहे. मेळाव्याला बाई येणार आहेत असे कळते. विचारणारा येणार असेल तर त्याने पुन्हा विचारावे.