असेसरांची यादी आणि सुटकेच्या वाटा

पंच हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. त्यामुळें इंग्रजी अमदानींत खुनाच्या खटल्यास न्यायाधीशाशेजारीं गांवोगांवचे तीनचार गृहस्थ येऊन बसूं लागले, तेव्हां हा प्रकार लोकांस अगदींच परका वाटला नसावा. परंतु पंच आणि सेशन कोर्टांतील असेसर यांच्यांत महदंतर होतें. पंचाचा शब्द गांव मानीत असे. असेसराचा शब्द मानण्यास न्यायाधीश मुळींच बांधलेला नव्हता.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं निराळा झाला. त्यापूर्वीं तो भंडारा जिल्ह्याचा भाग, आणि इंग्रजी राज्यांत अर्थातच मध्यप्रांतांतला. मुंबईच्या हायकोर्टांत ज्यूरी बसे व तिच्या निवाड्याला वजन असे. १९०८ सालीं टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविणारे ज्यूररच होते, आणि त्या मतांवर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मध्यप्रांतांत मात्र सेशनचे खटले सामान्यतः असेसरांच्या साहाय्यानें चालत. १८९८ च्या फौजदारी कायद्याप्रमाणें असेसर निदान तीन, आणि जमल्यास चार असावयाचे. प्रत्येकानें पुरावा ऐकून आपलें मत तोंडीं सांगावें, न्यायाधीशानें तें लिहून घ्यावें, आणि मग निकाल स्वतःच्या बुद्धीस पटेल तो द्यावा, अशी ती व्यवस्था होती. आरोपीच्या गळ्याशीं फांस आलेला असतांना विचारलेलें, पण कोणास न बांधणारें असें हें मत!

आतां हें मत द्यावयाचें कोणीं? कलम ३१९ म्हणतें, एकवीस ते साठ वर्षांच्या प्रत्येक पुरुषानें, आपल्या राहत्या जिल्ह्यांत. स्त्रियांचा प्रश्नच नव्हता. परंतु लगेच पुढच्या कलमांत सुटकेची यादी येते. न्यायाधीश व वरिष्ठ अधिकारी सुटले, पोलीस सुटले; प्रत्यक्ष पौरोहित्य करणारे, नित्य वैद्यकी करणारे, टपाल व तारखात्यांतले नोकर, तेही सुटले. वसुलाच्या कामावरील माणसांस कलेक्टरच्या मर्जीनें सूट होती. शिवाय सरकारी अथवा रेल्वे कंपनीच्या नोकरास समन्स गेलें, तर 'याच्यावांचून लोकांची गैरसोय होईल' असें त्याच्या वरिष्ठानें लिहावें आणि कोर्टानें त्याला मोकळें करावें.

गोंदियाचा विचार केला म्हणजे या शेवटच्या सवलतीचें महत्त्व कळतें. हें गांव बंगाल-नागपूर रेल्वेचें जंक्शन. एक वाट नागपुराकडे, एक छत्तीसगडाकडे. नैनपूर-जबलपूरची आणि नागभीड-चांद्याची अशा दोन अरुंद रुळांच्या वाटा इथूनच फुटल्या. अशा गांवांत स्टेशनमास्तर, तारबाबू, डाक्टर, पोस्टमास्तर हेच कागद वाचणारे, घड्याळ पाहणारे, साक्षींतील विसंगती हेरूं शकणारे लोक. कायद्यानें नेमके हेच लोक सोडले, किंवा त्यांच्या सुटकेची सोय करून ठेवली. उरले मालगुजार, व्यापारी, घरचे शेतकरी. त्यांच्यांत शहाणपण नव्हतें असें माझें म्हणणें नाहीं. बहुधा तें अधिकच असेल. पण ओझें एकाच खांद्यावर पडलें, हें खरें.

त्या खांद्यालाही वाटा होत्याच. यादी लागली म्हणजे हरकत घ्यावी. सेशन जज्ज व कलेक्टर एकत्र बसून ती ऐकत आणि नांव कमी करीत. समन्स आल्यावर 'वाजवी कारण' दाखवावें. हें कारण कोणतें, तें कायद्यानें सांगितलें नाहीं. धान कापणीला आलें आहे हें कारण शेतकऱ्याच्या मनानें वाजवी, कोर्टाच्या मनानें कदाचित् नव्हे. न सांगतां गैरहजर राहिल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि तो न भरल्यास पंधरा दिवस दिवाणी कैद. मताला किंमत नव्हती, पण गैरहजेरीला चांगलीच होती! लोक टाळाटाळ करीत म्हणून त्यांस दोष देण्यापूर्वीं हा हिशेब पाहावा. ज्यूररला आपल्या शब्दानें माणूस सुटेल अगर बुडेल याची धास्ती होती. असेसराला कसली असणार?

१९५५ च्या दुरुस्तीनें असेसर गेले. ज्यूरी कांहीं ठिकाणीं आणखी रेंगाळली. १९७३ च्या संहितेंत तिलाही जागा उरली नाहीं. पंच मात्र राहिला, पण तो झडतीचा. पोलिसांनीं लेखी हुकुमानें बोलावलें असतां वाजवी कारणाशिवाय नकार देणें हा आजच्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणेंही गुन्हा आहे. आणि वाजवी कारण म्हणजे काय, हें तेथेंही सांगितलेलें नाहीं.