लिनक्सचा फोन: सरकत गेलेली अट

लिनक्सवर चालणाऱ्या पाइनफोनचं मागचं झाकण नखाने उचकटलं की आत सहा चिमुकली बटणं दिसतात. मोडेम, वाय-फाय, मायक्रोफोन, मागचा-पुढचा कॅमेरा, हेडफोन. टोकदार काडीने बटण सरकवलं की तो भाग बंद पडतो. मग कुठल्याही ॲपला तो चोरून चालू करता येत नाही. बॅटरी सॅमसंगच्या जे7 च्या मापाची, म्हणजे नागपूरच्या बर्डीतल्या दुरुस्तीच्या दुकानात मागता येईल अशी. फोनचा मालक तो विकत घेणारा माणूस आहे, हे या बांधणीतच दिसतं. मग नागपूरकराने हा एकच फोन खिशात ठेवून दिवस काढावा का? त्यासाठी मागे जावं लागतं, कारण ‘रोजच्या वापराला तयार’ असण्याची अट 2007 पासून सरकत आली आहे.

सुरुवातीला अट एवढीच होती की बोलणं नीट व्हावं. 2007 मध्ये ओपनमोकोने ‘निओ 1973’ आणला. पहिला मोबाइल कॉल झाला ते वर्ष त्याच्या नावात आहे. 2008 मध्ये ‘फ्रीरनर’ आला. त्याचे आराखडे कवचासकट खुले होते. पण पलीकडच्याला आवाजात घरघर ऐकू यायची, आणि ती घालवायला फोन उघडून एक कपॅसिटर सोल्डर करावा लागे. लोकांनी तेही केलं! बिघाडाची जागा फोन घेणाऱ्याला दिसते आणि तो ती दुरुस्त करू शकतो, हे मला आजही मोलाचं वाटतं. 2009 मध्ये ओपनमोकोने फोनचं काम थांबवलं आणि त्याच वर्षी नोकियाचा एन900 आला. सरकता कीबोर्ड, खरा ब्राउझर, हाताशी टर्मिनल. रोज वापरण्याजोगा पहिला लिनक्स फोन मी यालाच म्हणेन. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हात मिळवला आणि ही वाट तिथेच तुटली. तिथून बाहेर पडलेल्यांनी योल्ला ही कंपनी काढली, सेलफिश ही प्रणाली बनवली.

यानंतरचा वंश भारतात बराच फिरला, पण आज तो कुणाच्या फारसा लक्षात नाही. 2014 मध्ये योल्लाचा फोन स्नॅपडीलवर आला. त्याच वर्षी इंटेक्सने फायरफॉक्स ओएसचा फोन 1,999 रुपयांना विकला. 2015 मध्ये उबंटूचे फोन आले, 2016 मध्ये इंटेक्सचा सेलफिशवाला ॲक्वा फिश. एकही टिकला नाही. तोवर अट ॲपवर आली होती. फायरफॉक्स ओएस आणि उबंटूवर अधिकृत व्हॉट्सॲप नव्हतं, आपल्याकडे नाकारायला एवढं पुरेसं होतं. फायरफॉक्स ओएसचा कोड मात्र कायओएसमध्ये जगला आणि 2017 च्या जिओफोनमधून घरोघरी पोचला. 2018 मध्ये त्यावर व्हॉट्सॲपही आलं. लिनक्सचं केर्नल, म्हणजे गाभा, रोजच्या वापराला पुरतं, हे अँड्रॉइडने आधीच दाखवलं होतं. जिओफोनने ते पुन्हा दाखवलं. पण जिओफोन कुलूपबंद होता. केर्नल आलं, मोकळीक आली नाही.

आजची अट पैशांची आहे. 14 एप्रिल 2017 रोजी नागपुरातच पंतप्रधानांच्या हस्ते भीम-आधार ही पैसे देण्याची सोय सुरू झाली. तीत गिऱ्हाइकाला फोनच लागत नव्हता, अंगठा पुरत होता. त्याच शहरात आज चहाच्या टपरीवर क्यूआर चिकटवलेला असतो आणि त्यापुढे खुला फोन अडतो. यूपीआय ॲप आधी बँकेला जोडलेल्या सिमवरून एसएमएस पाठवून खातरजमा करतं. शिवाय बँकांची अनेक ॲप फोन गूगलच्या तपासणीत उतरतो का, हे पाहतात. वेड्रॉइड लिनक्सच्या आत अँड्रॉइड चालवतं, साधी ॲप त्यात चालतातही. या तपासणीत मात्र ते बहुधा नापास होतं. दुसरी अडचण कॉलची. जिओचं जाळं पहिल्यापासून 4जीचं, त्यामुळे व्होल्टे, म्हणजे 4जीवरून कॉल, जमलं नाही तर त्या सिमवर घंटीच वाजत नाही. पाइनफोन गाढ झोपेतून उठायलाही वेळ घेतो, तेवढ्यात कॉल सुटू शकतो. व्होल्टेचं आणि झोपेचं काम कोड लिहून सुधारतं, सुधारतही आहे. पैशांचं तसं नाही. तिथे कोड लिहिणाऱ्याच्या हातात काहीच नाही.

म्हणून माझा कौल असा: दुसरा फोन म्हणून पाइनफोन आजच घ्यावा, वाचायला, लिहायला, शिकायला. बँकेला जोडलेलं सिम मात्र अँड्रॉइडमध्येच राहू द्यावं. आणि बँकांना व यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला एक मागणं आहे. साध्या फोनवाल्यांसाठी 2022 मध्ये यूपीआय 123पे काढलंत, तशीच एक वाट खुल्या फोनसाठीही काढा. देशातल्या माणसाचे पैसे देशातल्या दुकानदाराला द्यायला परदेशी कंपनीचा दाखला लागू नये.