समुद्र : तट आणि वाट
(वाइट बेटावरील ट्यूडरकालीन किनारदुर्ग)

शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकात मरणोन्मुख जॉन ऑफ गाँट इंग्लंडभोवतीच्या समुद्राला तटाची व खंदकाची उपमा देतो. हे नाटक १५९७ मध्ये प्रथम छापले गेले. त्याच वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट बेटावर, कॅरिसब्रुकच्या मध्ययुगीन किल्ल्याभोवती नवी तटबंदी उभारण्यास आरंभ झाला. समुद्र हाच तट असेल, तर या दगडी तटाचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

त्याचे मूळ आठव्या हेन्रीच्या काळात सापडते. रोमशी संबंध तुटल्यानंतर, १५३८ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स व फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस यांच्यात तह झाला आणि इंग्लंडवर संयुक्त स्वारीचे भय निर्माण झाले. १५३९ पासून किनाऱ्यावर तोफांसाठी दुर्ग बांधले जाऊ लागले. विसर्जित मठांची संपत्ती या कामी आली. वाइट बेट व मुख्यभूमी यांमधील सोलेंट सामुद्रधुनी ही पोर्टस्मथ व साउथॅम्प्टन या बंदरांची वाट. म्हणून मेदिना नदीच्या मुखाशी पूर्व व पश्चिम काउझ येथे दोन किल्ले उभे राहिले.

जुलै १५४५ मध्ये फ्रेंच आरमार सोलेंटमध्ये आले. १९ जुलैला ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली; दोन दिवसांनी फ्रेंच सैनिक बेटावर उतरले. सँडाउनचा किल्ला तेव्हा अपुराच होता. शत्रूला परतविले ते प्रामुख्याने स्थानिक शिबंदीने.

या अनुभवानंतर १५४७ मध्ये पूर्ण झालेला यारमथचा किल्ला वेगळ्या धाटणीचा आहे. गोल बुरुजाच्या पायथ्याशी तोफेच्या माऱ्याबाहेरची जागा उरते; यारमथला जमिनीकडील कोपऱ्यावर बाणाच्या टोकासारखा इटालियन पद्धतीचा बुरूज आहे, ज्यावरून लगतच्या भिंतींच्या पायथ्यापर्यंत मारा करता येतो. स्पॅनिश आरमाराच्या १५८८ मधील स्वारीनंतर कॅरिसब्रुकला हीच पद्धत अधिक विस्ताराने योजली गेली. हे काम १६०२ पर्यंत चालले. त्याचा योजक फेदेरिगो जांबेल्ली हाही इटालियनच होता.

नाटकातील समुद्र इंग्लंडला इतरांपासून वेगळे करतो. वाइट बेटावरील समुद्र मात्र शत्रूलाही आणतो आणि शत्रूला रोखण्याची विद्याही. सँडाउनचा किल्ला तर पुढे समुद्राच्याच झिजेने नष्ट झाला. द्वीपत्वाची साहित्यिक प्रतिमा वाचताना हा अनुभव ध्यानी घ्यावा लागतो. कारण अभेद्यतेची ती प्रतिमा भेद्यतेच्या जाणिवेच्या काळातच आकाराला आली.