करकोच्याने उचलून आणलेली बारा माणसं

शनिवारी सहज वाचत बसलो आणि गौली हिमनदीवर जाऊन अडकलो.

१९ नोव्हेंबर १९४६. ऑस्ट्रियाहून इटलीला निघालेलं अमेरिकन लष्कराचं डकोटा विमान ढगात वाट चुकलं आणि स्विस आल्प्समध्ये सुमारे ३३५० मीटर उंचीवर बर्फात आपटलं. आश्चर्य म्हणजे बाराही जण जिवंत! त्यात वैमानिकाची आई आणि ११ वर्षांची एक मुलगी. आपण फ्रान्समध्ये पडलोय असा वैमानिकांचा समज, त्यामुळे आधी शोधही तिकडेच. म्हणजे चुकीच्या सर्व्हरचे लॉग तपासत बसण्यातला प्रकार.

२३ तारखेला स्विस मदतपथक पायी पोचलं, पण जखमींना खाली न्यायचं कसं? चार रात्री त्या थंडीत काढलेली माणसं ती.

२४ ला व्हिक्टर हुग आणि पिस्ता हिट्झ हे दोन स्विस वैमानिक स्की लावलेली दोन श्टॉर्च विमानं घेऊन आले. श्टॉर्च म्हणजे करकोचा. ताशी ५० किमीच्या आसपास वेगातही हवेत टिकणारं हे विमान मूळचं जर्मन. महायुद्ध संपून जेमतेम दीड वर्ष झालेलं आणि अमेरिकन लोकांना वाचवायला हेच आलं! स्कीला ब्रेक नसतो. म्हणून हिमनदीवर चढाकडे तोंड करून उतरायचं आणि उताराकडे धावत उडायचं. अशा फेऱ्या मारत दोघांनी बाराही जणांना खाली आणलं.

डकोटा मात्र तिथेच राहिलं. २०१२ साली वितळणाऱ्या हिमनदीतून त्याचा पंखा वर आला.